ब्रेगेंटवेड

ब्रेगेंटवेड : डेन्मार्कच्या झीलंड बेटावरील, हास्लेव्ह या गावाच्या पूर्वेस असलेली मोल्टके या सरदार घराण्याची वंशपरंपरागत जमीनदारी. १७५० पासून ती काउंटची अविभाज्य जहागीर होती आणि ती धारण करणाऱ्या घराण्याच्या प्रमुखास ‘लेन्सग्रेव्ह’, म्हणजे जहागिरीचा काउंट, ही पदवी होती. जमीन आणि पदवी यांची कायद्याने घातलेली सांगड हे या जहागिरीचे मुख्य वैशिष्ट्य होय. जमीन विकता येत नसे, वाटून घेता येत नसे व कर्जापायी जप्त होत नसे; पदवी त्या जमिनीवर आधारलेली असे. ही सांगड डॅनिश राजाने आपल्या सोयीसाठी घातली आणि अडीच शतकांनी डॅनिश संसदेने ती सोडविली. या दोन घटनांमधील ब्रेगेंटवेडचा इतिहास हा डेन्मार्कमधील जमीनमालकी, कुळांची स्थिती आणि राज्यसत्तेचे बदलते स्वरूप यांचा इतिहास आहे. एकाच घराण्यातील आजोबांनी ही जहागीर राजाकडून मिळविली आणि नातू पंतप्रधान असताना तिच्यासारख्या जहागिरींचा शेवट ठरविणारे कलम देशाच्या संविधानात आले, हे या इतिहासातील लक्षणीय सूत्र होय.

पदवीयुक्त जहागिरींची उत्पत्ती : मध्ययुगीन डेन्मार्कमध्ये सरदारवर्ग होता, परंतु काउंट वा बॅरन यांसारख्या श्रेणीबद्ध वंशपरंपरागत पदव्या नव्हत्या. सर्व सरदार कुळे तत्त्वतः समान दर्जाची मानली जात. त्यांना करमाफी असे आणि त्यांच्यातील प्रमुखांच्या राजमंडळाचा राजाच्या अधिकारावर अंकुश असे. सतराव्या शतकाच्या मध्यास स्वीडनबरोबरच्या युद्धांत (१६५७–६०) डेन्मार्कचा मोठा पराभव झाला व साउंड सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील सुपीक प्रांत कायमचे गेले. राज्य कर्जबाजारी झाले आणि जुन्या सरदारवर्गाची प्रतिष्ठा ढासळली. याचा लाभ घेऊन १६६० मध्ये तिसऱ्या फ्रेडरिकने नगरवासी व धर्मगुरू यांच्या पाठिंब्याने राजपद वंशपरंपरागत करून घेतले. पुढे १६६५ च्या राजविधीने डेन्मार्क-नॉर्वेत अनियंत्रित राजसत्ता स्थापन झाली.

नव्या राजसत्तेला तिच्यावरच सर्वस्वी अवलंबून असणारा नवा सरदारवर्ग हवा होता. पाचव्या क्रिश्चनने २५ मे १६७१ रोजी काउंट व बॅरन यांचे विशेषाधिकार जाहीर केले. त्यांनुसार काउंटच्या जहागिरीसाठी किमान २,५०० ‘टोंडे हार्टकोर्न’ आणि बॅरनच्या जहागिरीसाठी किमान १,००० टोंडे हार्टकोर्न एवढी जमीन असणे आवश्यक होते. हार्टकोर्न हे क्षेत्रफळाचे नव्हे, तर करआकारणीचे परिमाण होते. त्याचा शब्दशः अर्थ ‘कठीण धान्य’, म्हणजे राय व बार्ली, असा असून जमिनीची उत्पादनक्षमता धान्याच्या पिंपांत मोजून त्यावर कर बसविला जाई. त्यामुळे उत्तम जमिनीत थोड्या क्षेत्राचे आणि रेताड जमिनीत पुष्कळ मोठ्या क्षेत्राचे हार्टकोर्न सारखेच भरे. पदवीची किंमत अशा रीतीने धान्याच्या मापात ठरविलेली होती.

नव्या पदव्या मिळविणाऱ्यांत जुन्या डॅनिश कुळांपेक्षा होल्स्टाइन, मेक्लेनबर्ग इ. जर्मन भाषिक प्रदेशांतून आलेले दरबारी, सेनाधिकारी व प्रशासक ठळकपणे दिसतात. राजाची मर्जी हाच पदवीचा पाया असल्याने ती जितक्या लवकर मिळे तितक्या लवकर जातही असे. कोपनहेगनमधील एका मद्यविक्रेत्याचा मुलगा पेडर शूमाकर हा १६७३ मध्ये ग्रिफेनफेल्डचा काउंट झाला. परंतु तीनच वर्षांनी राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली व नॉर्वेतील त्याची जहागीर राजाने जप्त केली.

जहागिरीचे स्वरूप : जहागीरदार हा जमिनीचा आजच्या अर्थाने पूर्ण मालक नसे. तिच्या उत्पन्नाचा उपभोग घेण्याचा त्याला हयातभर अधिकार असे, पण मूळ मालमत्ता पुढील पिढीकडे अखंड सोपविणे त्याच्यावर बंधनकारक असे. वारसा ज्येष्ठाधिकाराने चाले, म्हणजे संपूर्ण जहागीर थोरल्या मुलाकडे जाई. वंश खुंटल्यास किंवा धारकाने राजद्रोह केल्यास ती राजाकडे परत जाई. उधळ्या किंवा दुबळ्या वारसाच्या हातून घराण्याचा पाया खचू नये, हा या बंधनांमागील हेतू होता. राजाच्या दृष्टीने त्यात आणखी एक सोय होती. मोठी व स्थिर जमीनदारी ही कर गोळा करण्याची, सैन्यासाठी माणसे पुरविण्याची आणि ग्रामीण भागात सुव्यवस्था राखण्याची यंत्रणा ठरे. जहागीरदार आपल्या हद्दीतील कर वसूल करून सरकारजमा करी, स्थानिक न्यायालयाचा न्यायाधीश नेमी आणि चर्चमधील धर्मोपदेशकाच्या नेमणुकीसाठी नाव सुचवी. कुळाला जमीन देणारा, त्याचा कर घेणारा आणि त्याच्या तंट्याचा निकाल देणारा न्यायाधीश नेमणारा, हे तिन्ही एकच असत.

धाकट्या मुलांना जहागिरीत वाटा नसे. त्यांच्यासाठी घराण्याला रोख रक्कम, स्वतंत्र इस्टेटी किंवा राजसेवेतील जागा यांची तरतूद करावी लागे. डॅनिश प्रशासन, सैन्य व परराष्ट्रसेवा यांत सरदार कुळांतील धाकट्या मुलांची जी मोठी संख्या आढळते, तिच्यामागे वारशाचा हा नियमही कारणीभूत होता. बिनपदवीच्या किंवा लहान जमीनदारांसाठी ‘स्टामहुस’ नावाची दुसरी अविभाज्य कुलसंपदा असे. १६८३ च्या डॅनिश कायद्यानुसार तिला किमान ४०० टोंडे हार्टकोर्न जमीन पुरत असे.

मोल्टके घराणे व आडाम गॉटलोब : मोल्टके हे उत्तर जर्मनीतील मेक्लेनबर्गचे जुने सरदार कुळ असून त्याचे उल्लेख तेराव्या शतकापासून मिळतात. प्रशियाचा प्रसिद्ध सेनानी हेल्मूट फोन मोल्टके (१८००–९१) हा याच कुळाच्या दुसऱ्या शाखेतील होता. त्याचे लष्करी शिक्षण कोपनहेगनमध्ये झाले व आरंभी तो डॅनिश सैन्यातच अधिकारी होता.

डॅनिश काउंट शाखेचा संस्थापक आडाम गॉटलोब मोल्टके (१७१०–९२) हा मेक्लेनबर्गमधील रीझेनहोफ येथे जन्मला. लहानपणीच तो कोपनहेगनच्या दरबारात तैनातीस लागला आणि पुढे युवराज फ्रेडरिकच्या सेवेत आला. युवराजाचा स्वभाव मनमिळाऊ, पण चंचल व मद्यासक्त होता. त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठा असलेला, शांत व कामसू मोल्टके हा त्याचा आधार बनला. १७४६ मध्ये युवराज पाचवा फ्रेडरिक म्हणून गादीवर येताच त्याने मोल्टकेला राजगृहाचा प्रमुख कारभारी नेमले आणि त्याच वर्षी ब्रेगेंटवेडची जमीनदारी बक्षीस दिली. १७५० मध्ये तिला काउंटच्या जहागिरीचा दर्जा मिळाला व मोल्टके काउंट झाला.

ब्रेगेंटवेडचे नाव कागदोपत्री १३१९ पासून आढळते. मध्ययुगात व त्यानंतर ती अनेक सरदार कुळांच्या ताब्यातून गेली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती राजाकडे आली आणि १७३०–४० च्या दशकात वास्तुशास्त्रज्ञ लॉरिड्स द थुरा याने तेथील वाड्याचे नूतनीकरण केले. याच जहागिरीतील टुरेबीहोल्म येथे मोल्टकेने निकोलाय आइगट्वेड या वास्तुशास्त्रज्ञाकडून दुसरा वाडा बांधवून घेतला.

पाचव्या फ्रेडरिकच्या कारकीर्दीत (१७४६–६६) अंतर्गत कारभाराची सर्व सूत्रे मोल्टकेच्या हाती होती. परराष्ट्रव्यवहार योहान हार्टविग एर्न्स्ट बेर्नस्टॉर्फ हा मंत्री पाहत असे. राजाशी भेट, अर्ज, नेमणुका व देणग्या या सर्व बाबी मोल्टकेमार्फत होत. राणी लुईझाच्या मृत्यूनंतर (१७५१) राजाने मोल्टकेच्या मुलीशी विवाह करण्याची तयारी दर्शविली होती. पण मोल्टकेने त्यास ठाम नकार दिला. राजाची मर्जी हेच आपले भांडवल आहे आणि दरबाराचा मत्सर ओढवून घेतल्यास ते टिकणार नाही, ही जाणीव त्याच्या वागण्यात दिसून येते.

मोल्टके हा डॅनिश एशियाटिक कंपनीचा अध्यक्षही होता. १७३२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा व्यापार मुख्यत्वे चीनमधील कँटन आणि भारतातील तरंगंबाडी (ट्रँकेबार) येथे चाले. तरंगंबाडी १६२० पासून डेनांकडे होती आणि १७५५ मध्ये त्यांनी बंगालमध्ये हुगळीच्या काठी सेरामपूर येथे फ्रेडरिक्सनगर ही वखार वसविली. फ्रेडरिक्सनगर हे नाव पाचव्या फ्रेडरिकवरूनच दिलेले होते. भारतातील या दोन्ही वसाहती १८४५ मध्ये डेन्मार्कने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस विकल्या. युरोपातील सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) डेन्मार्क तटस्थ राहिल्यामुळे कोपनहेगनच्या व्यापारास बरकत आली. त्या समृद्धीचे दृश्य स्मारक म्हणजे आइगट्वेडच्या आराखड्यानुसार वसविलेला फ्रेडरिक्सस्टाडेन हा नगरभाग होय. त्याच्या मध्यभागी असलेल्या आमालियनबोर्ग चौकाभोवतीच्या चार प्रासादांपैकी एक मोल्टकेने स्वतःसाठी बांधविला. त्याचे उद्‌घाटन १७५४ मध्ये झाले. चौकातील पाचव्या फ्रेडरिकचा अश्वारूढ पुतळा फ्रेंच शिल्पकार झाक सालि याने घडविला व एशियाटिक कंपनीने त्याचा खर्च सोसला. १७७१ मध्ये त्याचे अनावरण झाले. १७९४ च्या आगीत क्रिश्चनबोर्ग राजवाडा भस्मसात झाल्यावर राजघराण्याने आमालियनबोर्गचे प्रासाद विकत घेतले. मोल्टकेचा प्रासाद सातव्या क्रिश्चनकडे गेला व पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

१४ जानेवारी १७६६ रोजी राजाचा मृत्यू झाला आणि मोल्टकेची सत्ता संपली. नवा राजा सातवा क्रिश्चन याचा त्याच्यावर रोष होता. सरकारी खजिन्यातून त्याने स्वतःची तुंबडी भरली, असा प्रवाद लोकांत पसरला होता, पण तो खरा नव्हता. त्याच वर्षी त्याला सर्व पदांवरून दूर करण्यात आले. १७६८ मध्ये रशियाच्या वजनामुळे त्याला राजमंडळात पुन्हा जागा मिळाली. तथापि राजवैद्य योहान फ्रीड्रिख स्ट्रून्से याच्या हाती सत्ता जाऊ लागताच त्याच्याशी सहकार्य करण्यास मोल्टकेने नकार दिला. डिसेंबर १७७० मध्ये निवृत्तिवेतनाविना त्याला काढून टाकण्यात आले. उरलेले आयुष्य त्याने ब्रेगेंटवेडला घालविले आणि तेथेच २५ सप्टेंबर १७९२ रोजी तो मरण पावला. सत्ता राजाच्या मर्जीवर होती, ती गेली. जहागीर कायद्याच्या आधारावर होती, ती राहिली. ग्रिफेनफेल्ड व मोल्टके यांच्या पतनांतील हा फरक महत्त्वाचा आहे. शिक्षा न होता पदच्युत झालेल्या मंत्र्याला जहागीर हे सुरक्षित आश्रयस्थान ठरत असे.

दोन विवाहांपासून मोल्टकेला बावीस अपत्ये झाली. ब्रेगेंटवेड एकाच मुलाकडे जाणार असल्याने त्याने इतर अनेक इस्टेटी खरेदी केल्या. त्यांपैकी फ्यून बेटावरील ग्लोरुप ही इस्टेट धाकट्या मुलाकडे जाऊन तिच्यातून मोल्टके-हुइटफेल्ड ही शाखा निघाली. त्याचे अनेक मुलगे मंत्री, राजदूत व सेनाधिकारी झाले.

शेती व कुळे : राजकारणाप्रमाणेच शेतीतही मोल्टकेला आस्था होती. होल्स्टाइनमध्ये रूढ असलेली बंदिस्त शेतांची पीकफेर पद्धती त्याने आपल्या जमिनीवर आणली. तीत खासगी शेतीचे अनेक समान तुकडे पाडून त्यांना बांध वा कुंपण घालीत. प्रत्येक तुकड्यात काही वर्षे धान्य व नंतर काही वर्षे गवत घेतले जाई. त्यामुळे जमिनीचा कस टिके, गुरांना चारा मिळे आणि दूधदुभते वाढे. झीलंडमधील जमीनदारांत या पद्धतीचा तो एक आद्य पुरस्कर्ता समजला जातो.

या सुधारणांची दुसरी बाजू कुळांच्या वाट्यास आली. जहागिरीच्या जमिनीचे दोन भाग असत : वाड्याची खासगी शेती आणि कुळांना खंडाने दिलेली शेते. कुळाला खंडाबरोबरच वाड्याच्या शेतीवर वेठ करावी लागे. नांगरणी, कापणी, खतवाहतूक, बांधबंदिस्ती ही कामे त्याने आपली माणसे, घोडे व अवजारे घेऊन करावयाची असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात धान्याचे भाव चढले, खासगी शेतीचा विस्तार झाला आणि डेन्मार्कमधील अनेक जमीनदारींत वेठीचा बोजा वाढत गेला.

कुळाला गाव सोडून जाण्याचीही मुभा नव्हती. १७३३ मध्ये सहाव्या क्रिश्चनच्या कारकीर्दीत ‘स्टाव्हन्सबोन’ हा निर्बंध लागू झाला. त्यानुसार १४ ते ३६ वर्षे वयाच्या शेतकरी पुरुषांना जन्मगावच्या जमीनदारीबाहेर राहण्यास बंदी होती. सैन्यभरतीची सोय हा त्याचा घोषित हेतू होता. पण स्वस्त मजूर व पडीक शेतांना कुळे मिळणे हा जमीनदारांचा लाभ उघड होता. वयोमर्यादा १७४२ मध्ये ९ ते ४० आणि १७६४ मध्ये ४ ते ४० अशी वाढविण्यात आली. ही शेवटची वाढ मोल्टकेच्या हाती सत्ता असतानाच झाली. चार वर्षांच्या मुलाचे नाव जमीनदाराच्या सैन्यभरतीच्या यादीत येई आणि त्याची परवानगी नसल्यास त्या मुलाला चाळिसाव्या वर्षापर्यंत गाव सोडता येत नसे.

हा निर्बंध २० जून १७८८ च्या आदेशाने रद्द झाला व १८०० पर्यंत त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी झाली. या सुधारणेचे अध्वर्यू क्रिश्चन डिटलेव्ह रेव्हेंटलाव (१७४८–१८२७) हे स्वतः एका जहागिरीचे काउंट होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यानंतर गावोगावच्या विखुरलेल्या जमिनींचे एकत्रीकरण झाले, अनेक कुळे आपल्या शेतांची मालक बनली आणि मध्यम शेतकऱ्यांचा एक भक्कम वर्ग उदयास आला. जहागिरींच्या जमिनींबाबत मात्र हा बदल मंद होता. जहागीरदारालाच ती विकण्याचा अधिकार नसल्याने कुळाची इच्छा व ऐपत असूनही विक्रीस अडथळा येई. एकोणिसाव्या शतकात कुळांना शेते विकण्याची मुभा हळूहळू मिळत गेली. पण विक्रीतून आलेला पैसा जहागिरीचे बंधनयुक्त भांडवल म्हणून गुंतवून ठेवावा लागे. ज्यांच्याकडे शेत नव्हते, केवळ झोपडी व लहानसा तुकडा होता, अशा शेतमजुरांचा प्रश्न यातून सुटला नाही. त्यांची संख्या मात्र वाढत राहिली.

योआकिम गोडस्के व आडाम व्हिल्हेल्म : आडाम गॉटलोबनंतर जहागीर योआकिम गोडस्के मोल्टके (१७४६–१८१८) याच्याकडे आली. तोही राजाचा मंत्री होता. त्याचा मुलगा आडाम व्हिल्हेल्म मोल्टके (१७८५–१८६४) हा १८१८ पासून जहागिरीचा धारक झाला. १८३१ ते १८४८ पर्यंत त्याने अर्थखाते सांभाळले. सावध, हिशेबी आणि पक्षभेदांपासून अलिप्त असा त्याचा लौकिक होता.

१८४८ च्या क्रांतिवर्षात कोपनहेगनमध्ये उदारमतवादी नागरिकांनी संविधानाची मागणी केली. २१ मार्च रोजी मोठा जनसमुदाय राजवाड्यावर चालून गेला. सातव्या फ्रेडरिकने अनियंत्रित सत्ता सोडण्याची तयारी दर्शविली आणि २२ मार्च रोजी नवे मंत्रिमंडळ स्थापन झाले. त्यात डी. जी. मोनराड, ओर्ला लेमान यांसारखे उदारमतवादी नेते होते आणि अध्यक्षस्थानी देशातील मोठ्या जमीनदारांपैकी एक असलेला आडाम व्हिल्हेल्म मोल्टके होता. जुन्या व नव्या पक्षांना सारखाच विश्वासार्ह वाटणारा पुरुष म्हणून त्याची निवड झाली. डेन्मार्कच्या संविधानात्मक राजवटीचा हा पहिला पंतप्रधान २७ जानेवारी १८५२ पर्यंत अधिकारावर होता. श्लेस्विगच्या प्रश्नावरून झालेले पहिले युद्ध (१८४८–५०) त्याच्याच कारकीर्दीत लढले गेले.

संविधान सभेने तयार केलेल्या संविधानावर ५ जून १८४९ रोजी राजाची सही झाली. त्यात सरदारपद, पदवी व श्रेणी यांना कायद्याने दिलेला प्रत्येक विशेषाधिकार रद्द करण्यात आला. शिवाय यापुढे कोणतीही जहागीर, स्टामहुस वा तत्सम अविभाज्य कुलसंपदा निर्माण करता येणार नाही आणि अस्तित्वात असलेल्या संपदा मुक्त मालमत्तेत कशा रूपांतरित व्हाव्यात हे कायद्याने ठरविले जाईल, असेही कलम घालण्यात आले. ब्रेगेंटवेडचा काउंट पंतप्रधान असताना ब्रेगेंटवेडच्या कायदेशीर अस्तित्वाची अखेर अशा प्रकारे निश्चित झाली. तथापि संविधानाने पदव्या रद्द केल्या नाहीत. त्या राहिल्या, पण त्यांच्यामागचे अधिकार गेले.

डेन्मार्कशी १८१४ पर्यंत संलग्न असलेल्या नॉर्वेने या बाबतीत वेगळा मार्ग पत्करला होता. तेथील १८१४ च्या संविधानाने नव्या जहागिरींना मनाई केली आणि १८२१ च्या कायद्याने सरदारवर्गच क्रमाने संपुष्टात आणला. डेन्मार्कमध्ये सरदारवर्ग मोठा व प्रशासनात खोलवर रुजलेला असल्याने तेथे तडजोडीचा मार्ग अवलंबण्यात आला.

आडाम व्हिल्हेल्म १५ फेब्रुवारी १८६४ रोजी मरण पावला. त्याच महिन्याच्या आरंभी डेन्मार्कचे प्रशिया व ऑस्ट्रियाशी दुसरे युद्ध सुरू झाले होते आणि त्या वेळी त्याच्याच मूळ कुळातील हेल्मूट फोन मोल्टके हा प्रशियाच्या सैन्याचा मुख्य सेनाधिकारी-नियोजक होता.

वाडा व कलासंग्रह : एकोणिसाव्या शतकात ब्रेगेंटवेड हे दरबारी व सांस्कृतिक जीवनाचे एक केंद्र होते. परीकथाकार हॅन्स क्रिश्चन अँडरसन याचा मोल्टके कुटुंबाच्या ब्रेगेंटवेड व ग्लोरुप या दोन्ही ठिकाणी पाहुणचार होत असे. ब्रेगेंटवेडच्या वाड्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. वास्तुशास्त्रज्ञ आक्सेल बेर्ग याने जुन्या बांधकामाचा काही भाग कायम ठेवून नव-रोकोको शैलीत त्याची पुनर्रचना केली. ती १८९१ मध्ये पूर्ण झाली. आडाम गॉटलोबच्या काळाची आठवण देणारी ही शैली जाणीवपूर्वक निवडलेली दिसते. वाड्याभोवती विस्तीर्ण उद्यान आहे. आडाम गॉटलोबने जमविलेला चित्रसंग्रह कोपनहेगनमध्ये घराण्याच्या दुसऱ्या वाड्यात ठेवलेला होता.

१९१९ चा कायदा : संविधानातील कलमाची अंमलबजावणी होण्यास सत्तर वर्षे लागली. १८६६ च्या दुरुस्तीने संसदेच्या वरिष्ठ सभागृहात मोठ्या जमीनदारांना विशेष वजन मिळाले आणि या काळात अनेक मंत्रिमंडळे त्यांच्याच हाती राहिली. शिवाय प्रत्येक जहागिरीचे नियम निराळे असल्याने वारसदारांच्या हक्कांचा प्रश्न गुंतागुंतीचा होता. दरम्यान भूमिहीन मजुरांची चळवळ वाढली. १८९९ च्या कायद्याने त्यांना लहान शेते घेण्यासाठी सरकारी कर्जे मिळू लागली. पण विकत घेण्यास पुरेशी जमीनच बाजारात येत नव्हती, कारण ती फार मोठ्या प्रमाणात विक्रीस मनाई असलेल्या संपदांत अडकलेली होती. १९०१ मध्ये मंत्रिमंडळ कनिष्ठ सभागृहाच्या बहुमतानुसार बनविण्याचे तत्त्व मान्य झाले. १९१५ च्या संविधानाने स्त्रियांना मताधिकार दिला आणि वरिष्ठ सभागृहातील विशेषाधिकारयुक्त मतदानही संपविले. त्यानंतर अल्पभूधारकांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या रॅडिकल लिबरल पक्षाच्या सी. टी. सॅले सरकारने हा प्रश्न हाती घेतला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी जहागिरी व अन्य अविभाज्य कुलसंपदांच्या मुक्त मालमत्तेतील रूपांतराचा कायदा झाला. जमीन यापुढे मुक्त मालमत्ता होणार होती, म्हणजे मालकाला ती विकण्याचा, तारण ठेवण्याचा व वारसांत वाटण्याचा अधिकार मिळणार होता. या बदल्यात जहागीरदाराने संपदेच्या मूल्याच्या २५ टक्के (स्टामहुस व तत्सम संपदांच्या बाबतीत २० टक्के) रक्कम सरकारला द्यावयाची होती. त्याशिवाय जमिनीचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग मोबदला घेऊन सरकारकडे सोपवावयाचा होता. त्या जमिनीवर अल्पभूधारकांची शेते वसविण्यात आली. त्यासाठी त्याच दिवशी झालेल्या दुसऱ्या कायद्यात एक नवी व्यवस्था होती. शेतकऱ्याने जमिनीची किंमत एकरकमी न देता तिच्या मूल्यमापनानुसार दरवर्षी व्याजरूपाने आकार भरावयाचा होता. जमिनीच्या मूल्यावर समाजाचा हक्क आहे, या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हेन्री जॉर्ज याच्या विचारांचा प्रभाव या व्यवस्थेवर होता.

काही जमीनदारांनी या कायद्यास न्यायालयात आव्हान दिले. २५ टक्के रक्कम व सक्तीचे भूमिसंपादन म्हणजे खाजगी मालमत्तेच्या घटनात्मक संरक्षणाचा भंग होय, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारचे म्हणणे असे की, जहागीरदाराची मालकी मुळातच मर्यादित होती; विक्रीचे व वाटणीचे स्वातंत्र्य त्याला आता प्रथमच मिळत असून सरकार त्या स्वातंत्र्याचे मोल घेत आहे. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. १६७१ मध्ये राजाने जमिनीवर घातलेली बंधने घराण्याच्या रक्षणासाठी होती. अडीचशे वर्षांनंतर तीच बंधने राज्याच्या बाजूने युक्तिवादाचा आधार ठरली. डॅनिश घटनाशास्त्रात मालमत्तेच्या हक्काच्या मर्यादांसंबंधी हे निर्णय आजही महत्त्वाचे मानले जातात.

रूपांतरानंतर : ब्रेगेंटवेडची मालकी मोल्टके घराण्याकडेच राहिली, परंतु सरकारला देणे व नवे कर यांचा भार सर्वच जुन्या जमीनदारींवर पडला. त्यांना आपल्या संपत्तीची फेररचना करावी लागली. मोल्टके घराण्याने कोपनहेगनमधील वाडा विकला आणि आडाम गॉटलोबचा चित्रसंग्रह १९३१ मध्ये लिलावात निघाला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेली चित्रे वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली गेली. शेती व वनसंपत्ती मात्र टिकून राहिली. सहा हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र असलेले ब्रेगेंटवेड डेन्मार्कमधील मोठ्या खाजगी इस्टेटींपैकी एक गणले जाते. शेती, वनव्यवसाय व इमारतींचे भाडे ही तिच्या उत्पन्नाची साधने आहेत. तिला आता कायद्याचे विशेष संरक्षण नाही. अन्य कोणत्याही मालमत्तेप्रमाणे ती विकली वा विभागली जाऊ शकते, आणि ती अखंड ठेवणे हा प्रत्येक पिढीचा स्वतःचा निर्णय व हिशेब आहे.

डेन्मार्कच्या १९५३ च्या विद्यमान संविधानातही १८४९ मधील ही तत्त्वे कायम आहेत. त्यातील ८३ वे कलम सरदारपद, पदवी व श्रेणी यांच्याशी निगडित विशेषाधिकार नाकारते आणि ८४ वे कलम जहागीर वा कुलसंपदा नव्याने निर्माण करण्यास मनाई करते. काउंट ही पदवी नावापुढे लावली जाते, पण तिच्याबरोबर कोणताही न्यायाधिकार वा करमाफी येत नाही. १६७१ मध्ये २,५०० टोंडे हार्टकोर्न जमिनीवाचून जिची कल्पनाही करता येत नव्हती, ती पदवी आता जमिनीवाचून टिकून आहे. आणि जी जमीन पदवीच्या आधाराने अविभाज्य राहिली, तिचा काही भाग १९१९ नंतर अशा कुटुंबांच्या हाती गेला की ज्यांच्या पूर्वजांना एके काळी गाव सोडण्याचीही मुभा नव्हती.